भारतातील फिजिओथेरपीची पदवी आणि अमेरिकेतील पीए अभ्यासक्रमाचा प्रवेश

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची, पदवी, पुण्यातील एका रुग्णालयात चार वर्षांचा अनुभव, लग्नानंतर न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, वास्तव्य आणि वय ३३. आता फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांसोबत संघात राहून निदान व उपचार करणारा पीए, व्हायचे असेल तर ही पदवी चालेल का, पुन्हा काय शिकावे लागेल, कामाचे तास कसे मोजले जातात आणि एकूण किती काळ जाईल? मी अमेरिकेत अनेक वर्षे पीए म्हणून काम करते आहे आणि प्रवेशासाठी येणारे अर्ज वाचण्याचे व मुलाखती घेण्याचे कामही करते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे दिसते ते सविस्तर लिहिते. तुमची पदवी वाया गेलेली नाही, मात्र केवळ तिच्या आधारावर प्रवेश मिळेल अशी अपेक्षाही धरू नये.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आपल्या लोकांत तो फार पसरलेला आहे. परदेशातील आरोग्यक्षेत्राची पदवी असली की परीक्षा देऊन थेट पीए होता येते, असे अनेकांना वाटते. तसा कोणताही मार्ग नाही. परवान्यासाठी पॅन्स ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेला अमेरिकेतील अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय त्या परीक्षेला बसताच येत नाही. भारतातील एमबीबीएस डॉक्टरलाही यातून सूट नाही. भारतात बारावीनंतर मिळणारी फिजिशियन असिस्टंटची बीएस्सी ही तिथल्या व्यवस्थेसाठीची पदवी आहे, तिच्या आधारे पॅन्स देता येत नाही. म्हणजे कोणीही असो, पदव्युत्तर स्तरावरचा सरासरी २७ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यातले साधारण एक वर्ष वर्गातले आणि उरलेला काळ रुग्णालयांतील फिरत्या प्रशिक्षणाचा, हे सगळे करावेच लागते. खासगी 'सल्लागार' याहून वेगळे काही सांगत असतील तर त्यांना एक डॉलरही देऊ नका.

दुसरी गोष्ट तुमच्या व्हिसाची. प्रवेशाच्या माहितीपत्रकात ती शेवटच्या पानावर असते, पण तुमच्या बाबतीत ती सर्वांत आधी तपासायला हवी. एच-४ वर शिक्षण घेता येते, अगदी पूर्णवेळही. मात्र काही अभ्यासक्रम फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच प्रवेश देतात, तर काही व्हिसाधारकांनाही घेतात. ही अट प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर वाचून किंवा प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी खात्री करून घ्या, आणि जिथे दार बंद आहे ती नावे यादीतून पहिल्याच दिवशी काढून टाका. त्यानंतर कामाच्या परवान्याचा प्रश्न. एच-४ वर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असल्याशिवाय पगारी काम करता येत नाही, आणि ती ईएडी २०१५ पासून ठरावीक एच-१बी धारकांच्या जोडीदारांनाच मिळते, मुख्यतः ज्यांचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी नोकरी देणाऱ्याने केलेला अर्ज, मंजूर झाला आहे त्यांच्या. जे काम एरवी पगारी असते ते परवाना नसताना फुकट केले, म्हणजे ते स्वयंसेवा ठरते असेही नाही. म्हणून रुग्णसेवेचे तास जमवायला सुरुवात करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या.

आता पदवीविषयी. अर्जासोबत भारतीय गुणपत्रकांचे विषयवार मूल्यांकन जोडावे लागते. डब्ल्यूईएस, ईसीई यांसारख्या संस्था ते करून देतात, पण कोणत्या संस्थेचे मूल्यांकन चालेल हे प्रत्येक अभ्यासक्रम स्वतः ठरवतो, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी ते पाहा. तुमची बीपीटीएच ही इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची असल्याने ती अमेरिकी बॅचलर पदवीच्या बरोबरीची ठरण्यात सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्यांची स्थिती वेगळी असते, कारण काही मूल्यांकन संस्था विशिष्ट अटींवर ती पूर्ण पदवी मानतात आणि काही मानत नाहीत. भारतात साठ-पासष्ट टक्के मिळाले म्हणून खचून जाऊ नका. मूल्यांकन करणाऱ्यांना आपल्याकडील गुणदान किती हात राखून होते याची कल्पना असते, आणि प्रथम श्रेणीचे गुण रूपांतरणात अनेकदा चांगल्या श्रेणीत बसतात.

तरीही पदवी मान्य होणे आणि पूर्वअटीचे विषय मान्य होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि बहुतेकांची गाडी दुसऱ्या ठिकाणी अडते. पीए अभ्यासक्रमांना साधारणपणे प्रयोगशाळेसह ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, जनरल केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी हे विषय लागतात. अनेक ठिकाणी त्यावर ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री किंवा जेनेटिक्सची भर असते, आणि काही जण मेडिकल टर्मिनॉलॉजीही मागतात. तुम्ही म्हणाल की पहिल्या वर्षीच ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री झाली, पुढे पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकोलॉजीही झाली. ज्ञान म्हणून हे अगदी खरे आहे. मात्र अनेक अभ्यासक्रमांची स्पष्ट अट असते की पूर्वअटीचे विषय अमेरिकेतील मान्यताप्राप्त महाविद्यालयातच झालेले असावेत. ही अट नसली तरी विषय गेल्या पाच, सात किंवा दहा वर्षांतले हवेत अशी दुसरी अट अनेकदा असते, आणि तुमचे पहिले वर्ष त्या मुदतीच्या बाहेर जाते. शिवाय आपली केमिस्ट्री बारावीत संपलेली असते. बारावीचे गुण कितीही चांगले असले तरी ते महाविद्यालयीन क्रेडिट धरले जात नाहीत, आणि फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात जनरल किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्री स्वतंत्र विषय म्हणून नसते. तुमच्या अर्जातली सर्वांत मोठी रिकामी जागा हीच आहे.

त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की पूर्वअटीचे विज्ञान विषय तुम्ही इथे पुन्हा घ्यावेत, आणि त्यासाठी कम्युनिटी कॉलेज पूर्णपणे योग्य आहे. तुम्ही एडिसनच्या आसपास राहत असाल तर मिडलसेक्स कॉलेज तिथेच आहे. काही संस्थांना बायोकेमिस्ट्रीसारखा वरच्या पातळीचा विषय चार वर्षांच्या महाविद्यालयातून झालेला हवा असतो, तेवढा तिथून घ्यावा. शिकलेले पुन्हा शिकण्याचा कंटाळा येणार, हे मी समजू शकते. पण या एका निर्णयाने तीन कामे होतात: पात्रतेचा वाद संपतो, अमेरिकी श्रेणीपत्रक तयार होते, आणि तुम्हाला अलीकडे शिकवलेला एक प्राध्यापक शिफारसपत्र लिहायला मिळतो.

विषय घेण्याच्या क्रमाकडे विशेष लक्ष द्या, कारण वेळ तिथेच जातो. केमिस्ट्रीच्या विषयांची साखळी असते: जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, तो झाल्याशिवाय ऑरगॅनिक मिळत नाही, आणि ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री मिळत नाही. पहिल्या भागाला बसण्यासाठी कॉलेज गणिताची पातळी तपासणारी चाचणीही घेऊ शकते. ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी हे विषय या साखळीच्या बाजूने चालवता येतात. 'आधी ओळखीचे विषय करू, केमिस्ट्री नंतर पाहू' असे ठरवणाऱ्यांचे एक संपूर्ण वर्ष हकनाक वाढते. सप्टेंबरमध्ये जनरल केमिस्ट्रीने सुरुवात करा, वसंत सत्रात दुसरा भाग, उन्हाळ्यात ऑरगॅनिक आणि पुढच्या शरद सत्रात बायोकेमिस्ट्री, असा आराखडा नीट बसतो.

श्रेणींबाबत दोन आकडे ध्यानात ठेवा. बहुतेक ठिकाणी किमान जीपीए, म्हणजे ४.० पैकी श्रेणींची सरासरी, ३.० लिहिलेला असतो, पण प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.५ च्या वर असते. किमान आकडा अर्ज बाजूला न पडण्यासाठी आहे, निवड होण्यासाठी नाही. दुसरे म्हणजे पीएचे अर्ज कॅस्पा या केंद्रीय सेवेतून जातात, आणि कॅस्पा तुमचा जीपीए स्वतः नव्याने काढते. तुमच्या कॉलेजने विषय पुन्हा घेतल्यावर जुनी श्रेणी पुसून टाकली असेल, तरी कॅस्पा दोन्ही धरते. समजा चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत प्रथम 'सी' मिळाला, म्हणजे २.०, आणि पुन्हा बसून 'ए' मिळाला, म्हणजे ४.०, तर तुमच्या खात्यावर आठ क्रेडिट ३.० सरासरीने जमा होतात. म्हणून सुरुवातीलाच एका सत्रात चार विज्ञान विषय घेऊन घाई करू नका. घर, मूल, नोकरी सांभाळून दोन विषयांत 'ए' मिळवणे हे चार विषयांत 'बी' मिळवण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. एखादे सत्र बिघडतेय असे दिसले तर विषय सोडण्याची मुदत पाहून वेळीच तो सोडा.

आता रुग्णसेवेच्या तासांकडे येते. ही अट इतर वैद्यकीय अभ्यासक्रमांपेक्षा पीएमध्ये इतकी ठळक का, याचे उत्तर या व्यवसायाच्या जन्मात आहे. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला तेव्हा त्यात नौदलात रुग्णसेवा केलेले माजी सैनिक घेतले होते. आधीच रुग्ण हाताळलेल्या माणसाला कमी काळात वैद्यकीय शिक्षण देता येईल, हा त्यामागचा विचार होता, आणि तो आजही या अभ्यासक्रमाचा पाया आहे. काही संस्था ५०० तास मागतात, काही १,०००, काही २,०००. निवड झालेल्यांकडे अनेकदा याहून बरेच जास्त असतात. आठवड्याला २० तास धरले तर वर्षभरात साधारण १,००० तास होतात, यावरून तुमचा हिशेब तुम्हीच मांडू शकता.

तास दोन प्रकारचे असतात आणि कॅस्पात ते वेगवेगळे भरावे लागतात. प्रत्यक्ष रुग्णाची जबाबदारी घेऊन केलेले काम, जसे नर्सिंग असिस्टंट म्हणजे सीएनए, रुग्णवाहिकेवर तातडीची सेवा देणारा ईएमटी, मेडिकल असिस्टंट, रक्ताचे नमुने घेणारा तंत्रज्ञ, हा पहिला प्रकार. दवाखान्यातले स्वागतकक्षाचे, बिलिंगचे, साहित्य पोहोचवण्याचे काम हा दुसरा. निवडीत पहिल्याचे वजन फार जास्त असते. डॉक्टरांच्या नोंदी टिपणाऱ्या स्क्राइबचे काम काही ठिकाणी पहिल्यात मोडते, काही ठिकाणी दुसऱ्यात. पुण्यातील तुमची चार वर्षे निःसंशय पहिल्या प्रकारात येतात, आणि अनेक अभ्यासक्रम ती मान्य करतात, पण त्यांचा पुरावा हवा. जुन्या रुग्णालयाकडून संस्थेच्या कागदावर कामाचा कालावधी, आठवड्याचे तास, पद आणि पर्यवेक्षकाचा ईमेल असलेले पत्र आत्ताच मागवून ठेवा. वरिष्ठ निवृत्त झाले किंवा व्यवस्थापन बदलले की असे पत्र मिळवताना नाकीनऊ येतात.

अर्जातली नोंद कशी लिहावी, हे एका उदाहरणाने दाखवते. 'रुग्णांना फिजिओथेरपी दिली, वरिष्ठांना मदत केली, विविध विभागांत काम केले' अशी वाक्ये मी असंख्य अर्जांत वाचते आणि त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: 'गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी उभे करणे, चालण्यापूर्वी आणि नंतर नाडी, रक्तदाब व ऑक्सिजन मोजणे, श्वास लागल्यास व्यायाम थांबवून निवासी डॉक्टरांना कळवणे, अतिदक्षता विभागात छातीची फिजिओथेरपी देणे.' हे वाचताना प्रवेश समितीला कळते की या व्यक्तीने रुग्णाची बिघडणारी अवस्था स्वतः ओळखली आहे. तुमच्याकडे सांगण्यासारखे असे बरेच असणार, ते 'विविध विभाग' या शब्दांखाली दडपू नका.

भारतातल्या अनुभवावर पूर्ण विसंबू नये, असे मात्र मी सुचवेन. ईएडी हातात आल्यावर इथे काही शे तास तरी काम करा. अमेरिकी रुग्णालयात संघ कसा चालतो, विम्यामुळे निर्णय कसे अडतात, मरणाच्या दारातील रुग्णाशी आणि नातेवाइकांशी इथे कसे बोलतात, हे ठाऊक असल्याचे मुलाखतीत लगेच दिसते. केंद्रीय नियमानुसार सीएनएचे प्रशिक्षण किमान ७५ तासांचे असते आणि राज्ये त्याहून जास्त ठरवतात, त्यामुळे तो मार्ग जवळचा आहे. काम कष्टाचे आहे. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलून देणे, शौचाची भांडी उचलणे हे त्यात येते, आणि भारतात पदवीधर फिजिओथेरपिस्ट म्हणून मान मिळवलेल्या व्यक्तीला ते सुरुवातीला जड जाते. तरीही समितीतील लोक या कामाला फार आदराने पाहतात, मीही पाहते. फिजिओथेरपी एड, म्हणजे मदतनीस, म्हणून काम केले तर एक पथ्य पाळा: परवाना नसताना स्वतःची ओळख फिजिओथेरपिस्ट म्हणून करून देऊ नका, कारण त्या पदनामाला कायद्याचे संरक्षण आहे.

इथे तुम्हाला एक प्रश्न विचारणे मी माझे कर्तव्य समजते. तुम्ही इथला फिजिओथेरपीचा परवाना का घेत नाही? परदेशी पदव्या तपासणाऱ्या एफसीसीपीटी या संस्थेकडून पदवीची तपासणी, कमी पडणारे क्रेडिट पूर्ण करणे आणि मग एनपीटीई ही परवान्याची परीक्षा, हा मार्गही सोपा नाही, पण अनेक मराठी फिजिओथेरपिस्ट त्या वाटेने गेले आहेत. तुम्हाला निदान करायचे आहे, औषधे लिहायची आहेत, शस्त्रक्रियेत मदत करायची आहे, म्हणून पीए हवे असेल तर ते कारण भक्कम आहे. केवळ पगाराची तुलना करून निर्णय घेतला असेल तर थांबून पुन्हा विचार करा, कारण हाच प्रश्न मुलाखतीत तुम्हाला नक्की विचारला जाईल.

त्याचे उत्तर ५,००० अक्षरांच्या वैयक्तिक निबंधातही द्यावे लागते, आणि त्या मर्यादेत मोकळ्या जागाही मोजल्या जातात. आपल्याकडच्या अनेक अर्जदारांच्या निबंधाचा गाभा 'लहानपणापासून डॉक्टर व्हायचे होते, ते राहून गेले' हा असतो. भावना प्रामाणिक असते, पण वाचणाऱ्याला पीए ही दुसरी पसंती आहे असेच वाटते. त्याऐवजी तुम्ही एखाद्या पीएला काम करताना पाहिले, त्यात काय पटले, आणि पर्यवेक्षक डॉक्टरांसोबत संघात काम करणे तुम्हाला का भावते, ते लिहा. त्यासाठी पीएसोबत काही दिवस निरीक्षणासाठी जाणे जवळपास अनिवार्यच समजा. बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रे लागतात, त्यांपैकी एक पीएचे असेल तर उत्तम. ही पत्रे लिहिणाऱ्यानेच परस्पर कॅस्पात भरायची असतात. ओळखीचे डॉक्टर काका किंवा महाराष्ट्र मंडळातले एखादे नामवंत सर्जन यांनी तुम्हाला काम करताना पाहिलेले नसेल, तर त्यांचे पत्र घेऊ नका. तुमच्यासोबत रात्रपाळी केलेल्या पर्यवेक्षक नर्सचे पत्र त्याहून शंभर पटींनी उपयोगी पडते.

परीक्षांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सामान्य परीक्षा अनेक अभ्यासक्रमांनी काढून टाकली आहे, काही पीए-कॅट ही पीए प्रवेशासाठीची परीक्षा मागतात. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले असले तरी परदेशी पदवीमुळे टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मागितली जाऊ शकते.

अर्जाचे वेळापत्रक मात्र काळजीने पाहा. कॅस्पा दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस उघडते आणि बरेच अभ्यासक्रम अर्ज येतील तसे मुलाखतीला बोलावतात, म्हणून जून-जुलैपर्यंत अर्ज जाणे चांगले. अंतिम तारखेचे अर्थही निरनिराळे असतात: कुठे त्या दिवशी अर्ज पाठवलेला पुरतो, कुठे गुणपत्रके व शिफारसपत्रे पोहोचून तो पूर्ण झालेला लागतो, तर कुठे कॅस्पाने पडताळलेला लागतो, आणि पडताळणीला काही आठवडे जाऊ शकतात. भारतीय गुणपत्रकांचे मूल्यांकन यात सर्वांत उशिरा येते. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मिळवणे, ते मोहोरबंद किंवा ऑनलाइन परस्पर पाठवणे, यासाठी काही महिने हाताशी ठेवा. शुल्क पहिल्या अभ्यासक्रमासाठी सुमारे १८० डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी सुमारे ६० डॉलर असते. त्याशिवाय अनेक संस्था स्वतःचे पूरक शुल्क घेतात.

अभ्यासक्रम निवडताना मान्यतेची स्थिती एआरसी-पीएच्या यादीत पाहा. नवीन संस्थेला तात्पुरती मान्यता असते, अडचणीतल्या संस्थेवर प्रोबेशन, म्हणजे सुधारणेच्या अटीवर देखरेख, असते. प्रत्येक संस्थेला आपल्या विद्यार्थ्यांचा पॅन्सचा निकाल आणि किती जण अभ्यासक्रम पूर्ण करतात याची आकडेवारी जाहीर करावी लागते. पहिल्या प्रयत्नातील राष्ट्रीय उत्तीर्णतेचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असते. एखादी संस्था वर्षानुवर्षे त्याच्या बरीच खाली असेल किंवा तिथले बरेच विद्यार्थी मध्येच गळत असतील, तर ती घराजवळ आहे एवढ्याच कारणाने निवडू नका.

खर्चाचे नियोजन घरात आधीच व्हायला हवे. केंद्रीय शैक्षणिक कर्ज काही मोजके अपवाद वगळता नागरिक व ग्रीन कार्डधारकांनाच मिळते, आणि ग्रॅड प्लस हे मोठे कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याचा कायदा २०२५ मध्ये झाला आहे. एच-४ वर असताना बचत किंवा सहकर्जदारासह खासगी कर्ज एवढेच पर्याय उरतात. अभ्यासक्रम इतका भरगच्च असतो की त्या काळात नोकरी करण्यास बहुतेक संस्था मनाई करतात किंवा ठामपणे नको म्हणतात.

एकूण काळाचे गणित असे: या सप्टेंबरला केमिस्ट्री सुरू केलीत तर पुढच्या वर्षअखेरीस पूर्वअटी संपतील, त्यानंतरच्या एप्रिलमध्ये अर्ज, आणि वर्ग त्याच्या पुढच्या वर्षी, जानेवारी ते ऑगस्टच्या दरम्यान. बायोकेमिस्ट्रीसारखा एखादा विषय अर्जाच्या वेळी चालू असलेला ज्या संस्थांना चालतो, तिथेही फारसा काळ वाचत नाही. म्हणजे परवाना हाती येईल तेव्हा तुम्ही ३८ च्या आसपास असाल. वयाची कोणतीही अट नाही, आणि माझ्या पाहण्यातले कित्येक उत्तम विद्यार्थी चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना वर्गात बसलेले होते.

प्रवेश मिळाल्यावर गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हेपटायटिस बी यांच्या प्रतिकारशक्तीचे रक्ततपासणी अहवाल आणि क्षयाची चाचणी मागितली जाते. आपल्याला लहानपणी बीसीजीची लस दिलेली असल्यामुळे त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग विनाकारण एक्स-रे व कागदपत्रांचा फेरा लागतो. क्वांटिफेरॉनसारख्या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून आधीच डॉक्टरांना सांगून तीच करून घ्या. सीएनएच्या किंवा दवाखान्यातल्या पहिल्या नोकरीतही हे अहवाल विचारले जातात, तेव्हा तिथे केलेल्या तपासण्यांच्या प्रती जपून ठेवा.